कर्णनादाची संप्राप्ती : ‘सामान्य’ अहवालाच्या पलीकडे

कर्णनादाचा रुग्ण वैद्याकडे क्वचितच प्रथम येतो. तो येतो तेव्हा त्याच्या हातात कागदांची पिशवी असते. त्या पिशवीत ऑडिओग्राम असतो, त्याखाली ‘श्रवणशक्ती सामान्य’ असा शेरा असतो, आणि ‘कानात काही दोष नाही, मनावर घेऊ नका’ हा सल्ला त्याने दोन-तीन ठिकाणी ऐकलेला असतो. रात्री सर्व घर झोपले की रातकिड्यासारखा किंवा कुकरच्या शिटीसारखा आवाज त्याला मात्र ऐकू येतच असतो. मध्यंतरी औषधी दुकानातून स्वतःच्या मनाने घेतलेल्या सारिवादी वटीच्या दोन-चार डब्या संपलेल्या असतात, कानात कोणते तरी तेलही घालून झालेले असते.

हा ‘सामान्य’ शेरा खरोखर सामान्य असतो काय, या एकाच प्रश्नाभोवती गेल्या काही वर्षांतील कर्णनादविषयक संशोधन फिरत आहे. २०२२ साली ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात अनेक देशांतील पाहण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के व्यक्तींना कर्णनादाचा अनुभव येतो व सुमारे २ टक्के व्यक्तींना तो तीव्र स्वरूपात त्रास देतो. एवढ्या मोठ्या संख्येने आढळणाऱ्या लक्षणाची संप्राप्ती आपण चिकित्सकांनी व औषधी विक्रेत्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठीच प्रस्तुत लेख.

ग्रंथोक्त विचार

सुश्रुत संहितेच्या उत्तरतंत्रात विसाव्या अध्यायात अठ्ठावीस कर्णरोगांची गणना आहे. त्यात प्रणाद म्हणजेच कर्णनाद, बाधिर्य व क्ष्वेड हे स्वतंत्रपणे सांगितले आहेत. वायू विमार्गग होऊन शब्दवह नाड्यांत स्थित झाला म्हणजे विविध शब्द ऐकू येतात, अशी कर्णनादाची संप्राप्ती तेथे दिली आहे. क्ष्वेडाच्या हेतूंत श्रम, धातुक्षय, रूक्ष व कषाय आहार आणि शिरोविरेचनानंतर शीत सेवन यांचा उल्लेख येतो. माधवनिदानात कर्णनादाला भेरी, मृदंग, शंख यांच्या आवाजाची उपमा असून क्ष्वेडाला वेणूच्या स्वराची आहे. चरकाचार्यांनी ‘नाद’ हे वातज कर्णरोगाचे लक्षण म्हणून घेतले आहे.

यातील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली, विकृतीचे स्थान केवळ कर्णपाली, कर्णस्रोतस किंवा कर्णपटल असे न सांगता शब्दवह नाड्या असे सांगितले आहे. दुसरी, हेतूंमध्ये क्षय आहे. काहीतरी उणे झाल्यामुळे वात वाढतो आणि जे बाहेर नाही ते ऐकू येते, असा हा विचार आहे. मात्र आधुनिक शास्त्राला आज जे दिसले ते सर्व सुश्रुताचार्यांनी आधीच पाहिले होते, असा दावा करण्याचा मोह आवरला पाहिजे. तसे म्हणणे हा त्यांचा गौरव नव्हे. त्यांनी लक्षणे व हेतू यांचा जो बारकाईने संबंध लावला त्याचा उपयोग आज रुग्णपरीक्षेत करणे, हा खरा गौरव होय.

आवाज कोठे निर्माण होतो?

प्रारंभी अशी समजूत होती की आवाज कानातच निर्माण होतो आणि श्रवणनाडी तो मेंदूकडे नेते. तसे असते तर नाडी कापताच आवाज थांबावयास हवा होता. श्रवणनाडीवरील अर्बुद काढताना ती नाडी अनेकदा छेदावी लागते. अशा रुग्णांचा अभ्यास अमेरिकेतील हाऊस व ब्रॅकमन या शल्यचिकित्सकांनी १९८१ साली मांडला. शस्त्रक्रियेनंतर सुमारे ४० टक्के रुग्णांचा नाद कमी झाला, परंतु सुमारे निम्म्या रुग्णांचा तो उलट वाढला. कानाचा मेंदूशी संबंध तुटल्यावरही आवाज शिल्लक राहतो, एवढेच नव्हे तर वाढतो, याचा अर्थ तो चालू ठेवणारी यंत्रणा मेंदूत आहे. पाय कापल्यावरही नसलेल्या बोटांत वेदना जाणवते, तशीच ही अवस्था. पोलिश संशोधक यास्त्रेबोफ यांनी १९९० साली आपल्या प्रबंधात कर्णनादाला ‘आभासी श्रवण’ म्हटले ते याच अर्थाने.

याच्याही आधी, १९५३ साली, हेलर व बर्गमन यांनी एक साधा प्रयोग केला होता. श्रवण उत्तम असलेल्या, कर्णनादाची तक्रार नसलेल्या ८० व्यक्तींना त्यांनी बाहेरचा कोणताही आवाज न येणाऱ्या खोलीत बसविले आणि काय ऐकू येते ते लिहावयास सांगितले. बहुतेक सर्वांनी शिटी, गुणगुण, घंटी असे काही ना काही ऐकू आल्याचे नोंदविले. श्रवणयंत्रणा कधीच पूर्ण शांत नसते. बाहेरच्या आवाजात तिची स्वतःची गुणगुण झाकली जाते, इतकेच.

मग काही जणांत ही गुणगुण एवढी का वाढते? याचे उत्तर समजण्यास आपल्या परिचयाचा एक दाखला घेऊ. ग्रामीण भागात विजेचा दाब कमी झाला की घरातील स्टॅबिलायझर तो चढवून देतो. दाब जितका कमी, तितके त्याला अधिक चढवावे लागते, आणि तितका तो स्वतः गुणगुणू लागतो. अंतःकर्णाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदूतील श्रवणकेंद्रेही अशीच आपली संवेदनशीलता वाढवितात. त्या भरात नाड्यांतील स्वाभाविक, अर्थहीन हालचालही आवाज म्हणून जाणवू लागते. म्हणूनच ज्या पट्टीचा आवाज ऐकण्याची शक्ती उणावली असते, साधारण त्याच पट्टीचा नाद रुग्णाला ऐकू येतो. उतारवयात किंवा कारखान्यातील नोकरीनंतर प्रथम उच्च पट्टीचे श्रवण जाते आणि नादही बहुधा बारीक, शिटीसारखा असतो, याची संगती येथे लागते.

ऑडिओग्रामला न दिसणारी हानी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. श्रवण सामान्य असताना नाद का? अंतःकर्णातील शंखाकृती कॉक्लियामध्ये प्रत्येक बाजूस सुमारे ३,५०० आंतर केशपेशी असतात व त्यांच्यापासून सुमारे ३०,००० नाडीतंतू निघतात. पेशी व तंतू जेथे जुळतात त्या संधीला सायनॅप्स म्हणतात. आवाजाने प्रथम केशपेशी मरतात व नंतर नाडी सुकते, असा दीर्घकाळ समज होता. २००९ साली अमेरिकेतील बोस्टन येथे शॅरन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबल आवाजात ठेवले. काही दिवस त्यांचे श्रवण मंदावले व नंतर पूर्ववत झाले. केशपेशी सर्व शाबूत होत्या. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पाहता कॉक्लियाच्या काही भागांतील सुमारे निम्मे संधी कायमचे नष्ट झाल्याचे दिसले. पुढे तेथील नाडीतंतूही हळूहळू क्षीण होत गेले.

ऑडिओग्राममध्ये शांत खोलीत अगदी बारीक आवाज ऐकू येतो की नाही, एवढेच पाहिले जाते. त्यास थोडेसे तंतूही पुरतात. गर्दीत बोलणे कळण्यासाठी जे तंतू लागतात ते आधी जातात, आणि या तपासणीत ते सापडत नाहीत. ‘घरात नीट ऐकू येते, पण लग्नात कोण काय बोलतो ते कळत नाही’ ही आपल्या रुग्णांची तक्रार येथे आठवावी.

२०११ साली लंडन येथे शेट व मॅकअल्पाइन यांनी सामान्य ऑडिओग्राम असलेल्या ३३ स्त्रिया निवडल्या. त्यांपैकी १५ जणींना कर्णनाद होता, १८ जणींना नव्हता. नाद असलेल्या स्त्रियांत श्रवणनाडीतून निघणारी पहिली विद्युतलहर क्षीण होती, मात्र मस्तिष्कस्तंभातील पुढची लहर सामान्य होती. म्हणजे खालून कमी आले आणि वर ते भरून काढले गेले. स्टॅबिलायझरचा दाखला येथे तंतोतंत लागू पडतो. २०२३ साली बोस्टनच्याच संशोधकांनी सामान्य श्रवण असलेल्या दीर्घकालीन कर्णनादाच्या रुग्णांत नाडीच्या ऱ्हासाचा आणखी पुरावा प्रसिद्ध केला.

हा वाद मिटला असे मात्र समजू नये. २०१७ साली मँचेस्टर येथे गेस्ट व सहकाऱ्यांनी केलेल्या अशाच अभ्यासात नाद असलेल्यांनी आयुष्यात अधिक गोंगाट सोसल्याचे आढळले, पण सायनॅप्सच्या हानीची खूण सापडली नाही. जिवंत माणसाचे सायनॅप्स थेट पाहता येत नाहीत, ही मुख्य अडचण आहे. तरीही चिकित्सकापुरता निष्कर्ष स्पष्ट आहे. ऑडिओग्राम सामान्य असणे म्हणजे कान निर्दोष असणे नव्हे, आणि अशा रुग्णाला ‘मनाचा खेळ’ म्हणून परत पाठविणे अशास्त्रीय आहे.

मनाचा भाग आहे, पण तो नंतर येतो. नाद सारखाच असून एक जण त्याकडे दुर्लक्ष करून झोपतो, तर दुसरा रात्ररात्र जागतो. यास्त्रेबोफ यांच्या मांडणीत या फरकाचे कारण भय व भावना यांच्याशी निगडित मेंदूकेंद्रांत आहे. ती केंद्रे नादाला धोक्याची खूण समजली की लक्ष तिकडेच राहते, निद्रानाश होतो, आणि निद्रानाशाने नाद वाढतो. मानेच्या वा जबड्याच्या स्नायूंशीही नादाचा संबंध आहे. मस्तिष्कस्तंभातील श्रवणकेंद्रात मान व चेहऱ्याकडून येणारे तंतूही पोहोचतात. दात आवळल्यावर किंवा मान वळविल्यावर नाद बदलतो काय, हे रुग्णाला विचारण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. बदलत असेल तर मन्या व हनुसंधीची परीक्षा करावी.

आपल्या परिसरातील हेतू

अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील रामाझिनी या वैद्याने तांबट लोक सततच्या ठोक्यांनी बहिरे होतात असे लिहून ठेवले. पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेजारच्या भंडाऱ्यातील वृद्ध कारागिरांशी ज्यांनी मोठ्याने बोलून पाहिले आहे त्यांना हे नव्याने सांगावयास नको. नागपूरला तर १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलपासून मागांचा खडखडाट परिचित आहे. गिरण्या बंद झाल्या, परंतु त्या मागांवर आयुष्य घालविलेले लोक आजही कानाची तक्रार घेऊन येतात. सावनेर, उमरेड, कामठी परिसरातील कोळसा खाणींचे कामगारही आपल्या चिकित्सालयात येतात. खाणकामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था नागपुरातच होती, २०१९ साली ती अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय झाला. आवाजाने येणारे बाधिर्य हा कायद्याने कळविण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे, ही गोष्ट रुग्णाला बहुधा ठाऊकच नसते. वैद्याने ती सांगावी.

कामगार नसलेल्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. येथील ‘नीरी’ या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली नागपूरच्या रस्त्यांवरील हॉर्नचा अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ हॉर्नमुळे रहदारीच्या आवाजात २ ते ५ डेसिबलची भर पडते, असे त्यांना आढळले. डेसिबलचे गणित साधे बेरजेचे नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबल आठ तास, तर १०० डेसिबल अवघी पंधरा मिनिटे, असे सुरक्षिततेचे प्रमाण जागतिक पातळीवर सांगितले जाते. वरातीतील डीजेच्या भिंतीसमोर दोन तास नाचलेल्या तरुणाच्या कानात दुसऱ्या दिवशी गुणगुण येते आणि दोन दिवसांत जाते. तो निर्धास्त होतो. बोस्टनच्या उंदरांचेही श्रवण परत आले होते.

गोंगाटाखेरीज आणखी एक हेतू विदर्भाच्या दृष्टीने आम्हास विशेष महत्त्वाचा वाटतो. चरक संहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या सामान्य लक्षणांत कर्णक्ष्वेड अगदी आरंभी सांगितला आहे. रक्त फार कमी झाले की हृदय अधिक वेगाने रक्त ढकलते, कंठातील शिरांत त्याचा खळखळाट होतो आणि रुग्णाला नाडीच्या ठेक्यावर ‘हूं हूं’ असा आवाज ऐकू येतो. असा ठेक्यातील नाद आणि रातकिड्यासारखा अखंड नाद, हे दोन वेगळे व्याधी समजावेत. शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून विदर्भात हा आनुवंशिक विकार किती पसरला आहे ते आपण जाणतो. त्यात अंतःकर्णाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या अवरुद्ध होऊन श्रवणही बाधित होऊ शकते. म्हणून पांडुत्व, संधिशूल व कर्णनाद एकत्र आढळल्यास रक्तकणांची सिकलसेल तपासणी करून घ्यावी. ती न करता नवायस लोह किंवा पुनर्नवा मंडूर महिनोन्महिने चालू ठेवू नये. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णाच्या शरीरात लोहाचा संचय आधीच झालेला असतो.

औषधे हाही एक हेतू आहे. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, अॅमिकॅसिन ही इंजेक्शने, कर्करोगावरील सिस्प्लॅटिन, मोठ्या मात्रेतील अॅस्पिरिन व क्विनाइन यांनी कर्णनाद होतो. अॅस्पिरिनचा नाद बहुधा औषध थांबविल्यावर जातो. सिस्प्लॅटिन व वरील इंजेक्शनांची हानी मात्र कायमची राहू शकते. आमवाताचा रुग्ण कानाची तक्रार करू लागला तर तो आपल्या औषधांबरोबर दुसरे काय घेतो, हे आधी विचारावे.

चिकित्सा व दुकानातील विक्री

नष्ट झालेले सायनॅप्स माणसात पुन्हा जोडणारे औषध आज कोणत्याही शास्त्राजवळ नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत गिंको, मेलाटोनिन, जस्त यांची शिफारस करू नये असे म्हटले. त्रासदायक नादासाठी मात्र विचार व वर्तन बदलणारी मानसोपचार पद्धती सुचविली आणि श्रवणदोष असल्यास श्रवणयंत्र वापरून पाहण्यास सांगितले. श्रवणयंत्राने बाहेरचा आवाज पुरेसा आत येतो, मग मेंदूला तो चढविण्याची गरज कमी पडते. वृद्ध रुग्णाला श्रवणयंत्राचा सल्ला देण्यात आपल्या शास्त्राचा कोणताही कमीपणा नाही.

सुश्रुताचार्यांनी कर्णरोगांच्या सामान्य चिकित्सेत घृतपान, रसायन, अतिव्यायाम टाळणे, शिरःस्नान वर्ज्य करणे व अतिभाषण टाळणे असे उपाय सांगितले आहेत. वातशमन, निद्रा व धातुपोषण यांवर भर देणारी ही रचना आम्हास आजही योग्य वाटते. निद्रा सुधारली की नाद तेवढाच राहूनही त्रास कमी होतो, असे आमच्या पाहण्यात येते. परंतु दीर्घकाळचे बाधिर्य ग्रंथकारांनीही असाध्य मानले आहे. रुग्णाला हे प्रथमच सांगावे. ‘आवाज थांबवितो’ असे न म्हणता ‘झोप लागेल, त्रास उणा होईल असा प्रयत्न करू’ असे म्हणावे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय अधिनियमाच्या परिशिष्टात बहिरेपणाचा समावेश आहे. बहिरेपण बरे करण्याची जाहिरात दुकानाच्या फलकावर लावणे हा गुन्हा ठरतो, हे औषधी विक्रेत्यांनी विसरू नये.

काही रुग्णांना मात्र औषध न देता त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयोच्या कान-नाक-घसा विभागाकडे पाठवावे. एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे होऊन नाद सुरू झाला असेल तर पहिल्या काही दिवसांतच, फार तर दोन आठवड्यांच्या आत, स्टेरॉइड चिकित्सा झाल्यास श्रवण परत येण्याची आशा अधिक असते. ‘कानात वात भरला’ म्हणून महिनाभर तेल घालणाऱ्याचा तो काळ निघून जातो. एकाच कानातील सतत नाद, नाडीच्या ठेक्यावरील नाद, नादासोबत भ्रम किंवा चेहऱ्याचा अर्दित, हेही तज्ज्ञाकडे पाठविण्याचेच रुग्ण होत. ठेक्याच्या नादात रक्तदाब व हिमोग्लोबिन पाहावे आणि मानेवर स्टेथॉस्कोप ठेवून ऐकावे.

औषधी विक्रेत्यांस आमची एक विनंती आहे. कर्णतेलाची बाटली मागणाऱ्यास देण्यापूर्वी त्याच्या कानातून कधी पू किंवा पाणी आले होते काय, एवढे विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर पडद्यास छिद्र असण्याची शक्यता असते, आणि छिद्रातून तेल मध्यकर्णात गेल्यास संसर्ग वाढतो. वैद्याने आधी कान दिव्याने पाहिल्याशिवाय कर्णपूरण करू नये. सारिवादी वटीत लोह व अभ्रक भस्म आहे. चिठ्ठीशिवाय तिसऱ्यांदा डबी नेणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्या वैद्याकडे परत पाठवावे, आणि पाठविताना त्याचा नाद एका कानात आहे की दोन्ही, ठेक्याचा आहे की अखंड, हे एका कागदावर लिहून द्यावे.